दगडी, ट्यूबा आणि न लागणारं दही: करवीर तालुक्यातल्या एका गोठ्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव करवीर तालुक्यातलं, भोगावतीच्या काठचं. नाव देत नाही, मालकांनी लिहायला परवानगी दिलीय ती त्याच अटीवर. त्यांना आपण दादा म्हणू. गोठ्यात ९ एचएफ क्रॉस (होल्स्टीन जातीच्या संकरित) गाई, ५ म्हशी, आणि वर वासरं-रेडकं. अडीच एकर ऊस आहे पण उसाचं बिल कारखाना देईल तेव्हा, घर चालतं ते दर दहा दिवसाच्या दूध बिलावर. हे आधीच सांगतोय कारण पुढचा जवळजवळ प्रत्येक निर्णय ह्या दहा दिवसाच्या हिशोबात अडकलाय. गाईचं दूध आठवडाभर बाजूला काढा म्हणायला डॉक्टरचं काय जातंय, १८ लिटरची गाय असली की त्या बिलातनं किती कमी होणार हे दादांना तोंडपाठ असतं.

धार दोघं काढायची, वहिनी आणि एक गडी. गाईंना मशीन, म्हशींना हातानं. कास पुसायला एक बादली कोमट पाणी आणि एकच फडकं, पहिल्या गाईपासनं शेवटच्या म्हशीपर्यंत तेच. मशीनचे सडाला बसणारे रबरी लायनर कधी बदलले कुणालाच आठवत नव्हतं. गोठा तसा वाईट नव्हता हां, शेण वेळेवर निघायचं, वैरण चांगली, पाणी चोवीस तास. अशा गोठ्यात पण हे होतं म्हणूनच लिहितोय.

मी त्या भागात जनावरांची प्रॅक्टिस करतो.

अडचण

मला बोलावलं ते वासरं मेली म्हणून, दगडीचा, म्हणजे कासेच्या सुजेचा (मस्टायटिस), विषय तेव्हा निघालाही नव्हता. पंधरवड्यात दोन पाड्या गेलेल्या, तिसरी हगवणीनं आडवी. डोळे आत गेलेले, कान गार, शेपटीला पांढरट पातळ शेण वाळून चिकटलेलं. एन्रोफ्लॉक्सासिन हे अँटीबायोटिक मारून झालेलं, हगवणीच्या गोळ्या देऊन झालेल्या. "डॉक्टर, भारीतलं भारी इंजेक्शन मारलंय, तरी उतार न्हाई बघा," दादा म्हणाले. सलाईन लावलं, तोंडानं मीठ-ग्लुकोजचं पाणी चालू केलं, ती पाडी वाचली. हगवणीत वासरू बऱ्याचदा जंतूनं कमी आणि अंगातलं पाणी-क्षार गेल्यानं जास्त मरतं, आणि इथं इंजेक्शनं झाली होती पण पाणी कुणी दिलंच नव्हतं.

सलाईन संपायची वाट बघत होतो तेव्हा वहिनींनी वेगळंच काढलं. घरात आठवडाभर दही लागत नव्हतं. विरजण बदलून बघितलं, शेजारणीकडनं आणून बघितलं, भांडं चुलीच्या उबेला ठेवून बघितलं, सकाळी बघावं तर दूध जसंच्या तसं पातळ. सासूबाईंचं म्हणणं नजर लागलीय. मी विचारलं विरजण कुठल्या गाईच्या दुधाला लावताय. "बांडीच्या. तिला दगडी झालीया नव्हं, ट्यूब सोडल्यावर डेअरीला घालू ने म्हणत्यात, म्हणून घरात ठेवतो आणि उरलेलं वासरांस्नी."

तिथं सगळा गुंता सुटला. ट्यूब म्हणजे सडाच्या भोकातनं कासेत सोडायचं अँटीबायोटिक. दही लावणारे जंतू पेनिसिलिनच्या गटातल्या औषधांना फार हळवे असतात, दुधात थोडं जरी औषध उतरलं तरी विरजण मरतं. उकळून पण ही औषधं पूर्ण जात नाहीत, जंतू मरतात, औषध बरंचसं राहतं. म्हणजे घरातली माणसं आणि वासरं रोज दोन वेळा अँटीबायोटिकचा बारीक डोस पीत होती.

आधीच्या दीड वर्षात काय काय झालं होतं

हे सगळं नंतर जुळवलं, दादांच्या वहीवरनं, मेडिकलच्या बिलांवरनं आणि गोठ्याच्या फळीवर पडलेल्या रिकाम्या ट्यूबांवरनं.

सुरुवात बांडीच्या मागच्या उजव्या सडापासनं. कास सुजली, धारेत गाठी आल्या. गावात प्रथमोपचार करणाऱ्यानं पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन मारलं, दोन दिवसात दूध पांढरं झालं, बंद केलं. महिन्याभरात परत. मग ऑक्सिटेट्रासायक्लिन. परत. मग एन्रोफ्लॉक्सासिन. मग सेफ्ट्रायॅक्सोन-टॅझोबॅक्टम, जे जनावरांच्या मेडिकलमध्ये कुणी न विचारता मिळालं. सेफ्ट्रायॅक्सोन शेड्यूल एच-वन मधलं औषध, १ मार्च २०१४ पासनं हा नियम लागू आहे, चिठ्ठीशिवाय देता येत नाही, दुकानदारानं वेगळ्या रजिस्टरला नोंद करून ती ३ वर्षं ठेवायची असते. कागदावर. मधल्या काळात आणखी चार जनावरांना दगडी झाली आणि प्रत्येकीला बांडीला शेवटी जे लागू पडलं असं वाटलं त्यानंच सुरुवात केली, म्हणजे जिना वरच्या पायरीपासनं चढायला लागले.

दादांचं मत होतं की जनावराला औषधाची सवय झालीय. हे मी गावोगावी ऐकतो. सवय जनावराला होत नाही. उसात दरवर्षी एकच तणनाशक मारा, बाकीचं तण जळतं आणि लव्हाळा मोकळ्या रानात माजतो, लव्हाळ्याला कुणी काही शिकवलेलं नसतं, तो आधीपासनंच होता, आता त्याला जागा मिळाली एवढंच. कासेत कोट्यवधी जंतू असतात, त्यातले थोडे जन्मतःच त्या औषधाला दाद न देणारे असू शकतात. औषध पडलं की साधे मरतात, हे उरतात, आणि चांगल्या वातावरणात जंतू वीस-तीस मिनिटात दुप्पट होत असल्यानं जागा भरायला वेळ लागत नाही. पेनिसिलिन तोडणारं एन्झाइम जंतूंकडं असतं हे १९४० सालीच कळलेलं, आणि १९४५ च्या नोबेल भाषणात फ्लेमिंगनं स्वतः कमी डोसचा धोका सांगितलेला.

वासरांचं प्रकरण ह्याहून वाईट. इ. कोलाय आतड्यात राहणारा जंतू, आणि त्याच्याकडं प्लास्मिड म्हणून डीएनएचं छोटं कडं असतं, ते तो शेजारच्या जंतूला देऊ शकतो. एकाच कड्यावर चार-पाच औषधांचा तोडगा एकत्र असू शकतो, त्यामुळं टेट्रासायक्लिन पाजलं तरी सेफ्ट्रायॅक्सोनला न जुमानणारा जंतू टिकतो, कारण दोन्ही गुण एकाच कड्यावर बसलेत. ज्या पाडीला जन्मात सेफ्ट्रायॅक्सोन टोचलं नव्हतं तिच्या शेणात पुढं तपासणीत त्याला दाद न देणारा जंतू निघाला, तो कसा, ह्याचं उत्तर दुधाच्या बादलीत होतं. ते शेण गोठ्यात, गोठ्यातनं सडाला, सडातनं परत कासेत.

पर्याय काय होते

दादांना हवा होता तो पहिला पर्याय म्हणजे अजून भारी औषध. मुलगा कॉलेजला आहे, त्यानं मोबाईलवर शोधून मेरोपेनेमचं नाव काढलं, माणसांच्या आयसीयूत वापरतात ते. कुठल्यातरी ओळखीनं मिळेल म्हणाला. मी सरळ नाही म्हणालो. ते औषध माणसांच्या शेवटच्या फळीतलं आहे. तिसऱ्या पिढीची सेफॅलोस्पोरिनं (सेफ्ट्रायॅक्सोन त्यातलंच) सुद्धा जागतिक आरोग्य संघटनेनं माणसांसाठी सगळ्यात जपून वापरायच्या यादीत घातलीत आणि ती आपण इथं दगडीला पाण्यासारखी वापरून बसलोय. २०१९ ह्या एका वर्षात औषधाला दाद न देणाऱ्या जंतूंमुळं जगात थेट १२ लाख ७० हजार माणसं गेल्याचा अंदाज २०२२ ला छापून आलाय. मुलाला हा आकडा सांगितला, तो गप्प झाला, दादांवर काही परिणाम झाला नाही. त्यांचं म्हणणं एकच, बांडीचं काय ते सांगा.

दुसरा पर्याय, सगळ्या दुभत्या जनावरांना एकदम ट्यूबा. हा अगदीच खुळा विचार नाही, स्ट्रेप्टोकोकस अ‍ॅगॅलॅक्टी नावाचा जंतू असता तर अशानं गोठा साफ होतो. पण जंतू कुठला हेच माहीत नसताना दुधात असलेल्या ११ जनावरांच्या ४४ सडांत औषध सोडायचं म्हणजे लव्हाळ्याला आणखी रान.

तिसरा, बांडी काढून टाकणे. परदेशी पुस्तकात हे एका ओळीत लिहिलेलं असतं, जुनाट दगडीची गाय कळपातनं काढा. इथं काढायची कुठं? राज्यात गोवंश हत्याबंदी आहे, त्यामुळं एकच वाट, बाजार. सोमवारी वडगावच्या बाजारात नेली, दोन दिवस आधी सूज उतरवून नेली, तर दुपारपर्यंत विकली जाईल, आणि तो जंतू हातकणंगल्याच्या नाहीतर शिरोळच्या कुणा गरीब माणसाच्या गोठ्यात जाईल. दादा स्वतःच म्हणाले, "आपल्याला बी ती बाजारातनंच आल्ती." बांडी पहिल्यापासनं दगडी घेऊनच आली होती का, हे आता कुणी सांगू शकत नाही.

चौथा पर्याय, आधी तपासणी, मग औषध. शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, खाजगी लॅब आहेत. अडचण वेळेची, रिपोर्ट यायला तीन-चार दिवस, आणि दादांच्या डोक्यात प्रत्येक दिवस म्हणजे इतके लिटर. इथं मी जरा हिशोबाची भाषा वापरली. वहीतनं दीड वर्षाचा औषधाचा खर्च काढून त्यांच्यासमोर ठेवला, त्यात फेकलेलं दूध नव्हतं, मेलेल्या पाड्या नव्हत्या. तेवढ्यात आणखी एक दुभती गाय आली असती. दादांनी वही मिटली आणि म्हणाले घ्या सॅम्पल.

काय केलं

आधी सगळ्या दुभत्या जनावरांची पॅडल टेस्ट, चार वाट्यांचं पसरट भांडं असतं, प्रत्येक सडाची धार वेगळ्या वाटीत घ्यायची, तेवढंच द्रावण टाकून फिरवायचं, सूज असली की दुधाची शेंबडासारखी जेली होते. वरनं निरोगी दिसणाऱ्या सडांतही जेली झाली, एकूण ४४ पैकी ९ सडांत. वहिनींना हे डोळ्यानं बघितल्यावर पटलं, तोवर त्या माझं बोलणं सासूबाईंच्या नजरेच्या बाजूला ठेवून ऐकत होत्या.

मग लॅबसाठी नमुने. ह्यात घाई केली की पैसे पाण्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो. ज्या जनावराला औषध चालू आहे त्याचा नमुना घ्यायचा नाही, थांबायचं. हात धुवायचे, पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात सोडून द्यायच्या, सडाचं टोक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचं, बोळा काळा येतोय तोवर नवीन बोळा घ्यायचा, मग निर्जंतुक बाटली आडवी धरून, म्हणजे वरनं शेणाचा कण पडू नये, एक-दोन धारा आत. झाकणाला बोट लावायचं नाही. बाटलीवर गाईचं नाव आणि सड, आणि लगेच बर्फात. चार सडांचं दूध आणि दोन पाड्यांचं शेण असं खाजगी लॅबला पाठवलं.

रिपोर्ट आला तो असा. बांडीच्या दोन सडांत आणि एका पहिलारू (पहिल्यांदाच व्यालेल्या) गाईच्या एका सडात स्टॅफिलोकोकस ऑरियस, पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन, टेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन चारींना दाद न देणारा. सेफॉक्सिटिनला मात्र दाद देत होता, म्हणजे एमआरएसए (पेनिसिलिन गटातल्या जवळजवळ सगळ्या औषधांना न जुमानणारा स्टॅफ) नव्हता, तेवढा एक दिलासा. चौथ्या नमुन्यात काहीच उगवलं नाही. आणि दोन्ही पाड्यांच्या शेणात ईएसबीएल इ. कोलाय, सेफ्ट्रायॅक्सोन तोडणारा.

निर्णय जनावरागणिक वेगळा घेतला आणि ह्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच वाटतो. पहिलारू गाय तरणी, एकच सड, आजार नवा, तिथं औषध जिंकायची शक्यता चांगली, म्हणून क्लॉक्सासिलिनच्या ट्यूबा, आणि दूध पांढरं झालं तरी ठरलेला पूर्ण कोर्स. बांडीला काहीच नाही. स्टॅफ ऑरियस जुना झाला की कासेत गाठी करून, पेशींच्या आत शिरून बसतो, रिपोर्टात औषध चालतंय असं लिहून आलं तरी ते तिथवर पोचत नाही. तिची ती दोन सडं कायमची आटवायचं ठरलं. दादा दोन दिवस माझ्याशी नीट बोलले नाहीत. जिथं काही उगवलं नव्हतं त्या गाईला नुसतं मेलॉक्सिकॅम हे सूज-दुखण्याचं औषध, दिवसातनं चार-पाच वेळा सड रिकामं करणं आणि वरनं कोरफड-हळद-चुन्याचा लेप, एनडीडीबी (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ) हा लेप बरीच वर्षं सांगतंय. दगडीच्या कितीतरी केसमध्ये जनावरानं जंतू आधीच मारलेला असतो, आपण बघतो ती मागे राहिलेली सूज, तिथं अँटीबायोटिक म्हणजे नुसता खर्च.

ट्यूब सोडलेलं दूध वासरांना पूर्ण बंद. लेबलवर दूध किती दिवस वापरायचं नाही हे लिहिलेलं असेल तर तेवढे, नसेल तर कायद्यानं किमान ७ दिवस धरायचे. ते दूध शेणखताच्या ढिगात न टाकता लांबच्या खड्ड्यात. ह्यावर वहिनींचा जीव तुटायचा, आणि ते साहजिक आहे, भरलेली बादली मातीत ओतायची म्हणजे.

बाकीचं सगळं स्वस्तातलं. प्रत्येक जनावराला वेगळं कोरडं फडकं, धार झाल्यावर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवणे, धारेनंतर लगेच गव्हाणीत वैरण टाकणे म्हणजे जनावर अर्धा तास उभं राहील आणि सडाचं भोक मिटेपर्यंत शेणात बसणार नाही. लायनर बदलले. निरोगी जनावरांची धार आधी, बांडी सगळ्यात शेवटी. नव्या वासराला पहिल्या काही तासात पोटभर चीक, आधी इथं वार पडेपर्यंत चीक पाजायचा नाही अशी पद्धत होती, त्यात चार-चार तास जायचे.

निकाल

पहिलारू गाय बरी झाली, नंतरच्या नमुन्यात जंतू आला नाही. बांडी दोन सडांवर निम्म्याहून थोडं जास्त दूध देत राहिली, वेत संपल्यावर दादांनी ती ओळखीच्या माणसाला सगळं सांगून विकली, किंमत पडली. पुढच्या हंगामात नवीन दगडी झाली पण मोजकी, आणि त्यातल्या एकीला इ. कोलाय निघाला, सौम्य होता, अँटीबायोटिकशिवाय गेला. हगवण दोन वासरांना झाली, पाण्यावर निभावलं, मेलं एकही नाही. दही लागायला लागलं, त्याचं श्रेय सासूबाई अजून उतरवून टाकलेल्या मीठ-मिरच्यांना देतात.

न जमलेलं पण सांगायला हवं. सहा-सात महिन्यांनी परत वासरांचं शेण तपासलं, ईएसबीएल इ. कोलाय अजून होताच. औषध थांबवलं की असा जंतू लगेच निघून जात नाही, त्याला ते कडं बाळगायला फारसं जड जात नसेल तर तो टिकून राहतो. म्हणून घरातल्या पोरांना वासरांशी खेळल्यावर साबणानं हात धुवायला लावलंय, आणि कच्चं दूध बंद केलंय. कोल्हापूर शहरात गंगावेशीला धारोष्ण दुधाचा ग्लास पिणारा वर्ग मोठा आहे, दादा पण त्यातलेच, ही एक गोष्ट त्यांनी तोंड वाकडं करून ऐकली.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या वेळी, म्हणजे बांडीच्या पहिल्या सुजेला, एक बाटली दूध काढून ठेवलं असतं तर पुढचं निम्मं टळलं असतं. आता त्या घरात फ्रीजरच्या एका कोपऱ्यात निर्जंतुक बाटल्या ठेवल्यात, दगडी दिसली की औषधाच्या आधी नमुना, लगेच पाठवायला जमलं नाही तरी गोठवलेल्या दुधात स्टॅफ टिकतो. जनावर खाईना, ताप, उभं राहीना अशी अवस्था असेल तर अर्थात थांबायचं नाही, डॉक्टर बोलवून उपचार चालू करायचे, पण नमुना तेव्हाही आधीच.

दुसरं म्हणजे विकत आणलेलं जनावर. बाजारात कास हातानं दाबून बघतात, दात बघतात, पॅडल टेस्ट कुणी करत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. दादांनी नंतर आणलेली गाय व्यापाऱ्याच्या दारात माझ्यासमोर तपासून घेतली, व्यापारी चिडला होता, तरी गाय दिली.

गावच्या दूध संस्थेत फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) लागतो, त्यावर दर मिळतो, औषध उतरलेलं दूध त्यात ओळखू येत नाही. उत्पादकाला दूध बाजूला काढल्याची भरपाई कुठूनच नाही. मला विचाराल तर संस्थेनं महिन्यातनं एकदा पॅडल टेस्ट फुकट केली तरी ट्यूबांचा खप खाली येईल, पण आमच्या चेअरमनांना हे मी दोनदा सांगून झालंय.

एक वाद अजून चालू आहे. ह्या महिन्यात तीन म्हशी आटवायच्यात, म्हणजे पुढच्या वेताआधी त्यांची धार बंद करायचीय. आटवताना सरसकट चारी सडांत ट्यूब सोडायची जुनी पद्धत, युरोपात २८ जानेवारी २०२२ पासनं असं सरसकट सोडायला बंदी आहे. माझं म्हणणं पॅडलवर जिथं जेली होतीय तेवढ्याच सडात सोडा. दादांचं म्हणणं म्हस दीड लाखाची हाय, तुमचं युरोप तिकडं. दोघींचं माझ्या पद्धतीनं आणि एकीचं त्यांच्या, असं काहीतरी ठरेल असं दिसतंय.